वाचलेले

कंपूच्या चौकातून आत, पिठाच्या चक्कीला लागून
मोटार नसलेलं एक गॅरेज.
शटरवर मीच रंगवलं मागच्या आठवड्यात :
सकाळी दहा ते बारा. बेल जोरात दाबावी.

माझा धंदा पाट्यांचा. नंबर प्लेटी, हलवायांची दुकानं,
निवडणुकीतल्या भिंती.
चाळीस वर्षं ग्वाल्हेरभर ब्रश फिरवला,
बर्फ कधी लिहिला नव्हता.

प्रमिलाताई शिरोळे, निवृत्त मेट्रन,
मे महिन्यात पंखा बंद करून
(कागद उडतात म्हणे)
एकेक वस्तू टेबलावर ठेवत गेल्या
आणि मी घाम पुसत विचारत गेलो, यावर काय?

पट्ट्याचं बक्कल.
"पट्ट्याचं बक्कल लिहा. दुसरं काय लिहिणार?"
खिडकीचा अर्धा पडदा.
उरलेला अर्धा कुणाच्या तरी मांडीला बांधलेला, तसाच गेला.
एक मनगटी घड्याळ.
मला वाटलं, त्याच मिनिटाला थांबलेलं असणार,
सिनेमात असतं तसं.
चालू होतं. पाच मिनिटं पुढं.
"रोज किल्ली देते मी. त्याला काय धाड भरलीय?"

मोठ्या फळ्यावर आकडे हवे होते.
मी आखलं : चढले बावीस. उतरले पाच.
त्यांनी चष्मा काढला.
"उतरलं कुणीच नाही, मोघे.
लाहौलकडची एक धार, तिला नावसुद्धा नाही,
तिच्यावर होतो तसे पडून होतो. अकरा रात्री.
मग आम्हाला आणलं."
उतरले खोडलं. आणले पाच.

मग त्या पाच फोटोंवरची पाटी.
म्हटलं हिंदीत करू, येणारेजाणारे सगळे हिंदीवाले.
खडूनं काढलं : बचे हुए.
त्या बघत राहिल्या.
"हे ताटातल्यासारखं वाटतं."
पुसलं. मराठीत काढलं : वाचलेले.
"हे पेपरासारखं. सकाळचा पेपर, संध्याकाळी."
पण पुसू दिलं नाही.
पाचातले चार आता फोटोतच आहेत.

शेवटी डबा निघाला.
मुरैन्याच्या गजकचा, झाकणावर मोर, त्याचे पोपडे उडालेले.
निघताना भावानं स्टेशनवर हातात कोंबला होता,
तिकडं काही मिळत नाही म्हणून.
तोंडं सुरुवातीला सहा होती.
थंडीनं गजकचा दगड झालेला,
बँडेज कापायच्या कात्रीनं त्या वाटे पाडत.
नवव्या रात्री हवालदार थपलियाल बोलायचा थांबला.
सकाळी वाटे पाडले, सवयीनं सहाच पडले.

सहावा कुणी खाल्ला नाही.
दहाव्या दिवशी नाही, अकराव्या दिवशी नाही.
हेलिकॉप्टरच्या वाऱ्यात एकानं डबा पोटाशी धरून ठेवला.

"आणि इथं आणला, तर त्याच उन्हाळ्यात मुंग्या लागल्या.
पाच उपाशी माणसांनी जे ठेवलं
ते एका दुपारी नेलं त्यांनी,
त्या भिंतीवरून, रांगेनं.
मी हळद आणायलासुद्धा उठले नाही.
हसत होते, मोघे. परत आल्यापासून पहिल्यांदा."

चक्की मध्येच बंद पडली. लाइट गेली असणार.
यावर काय, मी विचारलं.
"हवालदार थपलियाल यांचा वाटा."
डबा रिकामा आहे ताई, लोक विचारतील, कुठाय?
"विचारू देत.
म्हणून तर दहा ते बारा बसते."

घरात फ्रीज नाही. माठातलं पाणी दिलं,
वाळ्याचा वास असलेलं. पैसे मोजून दिले.

पट्टी मात्र मी छोटी कापली होती.
नाव मावेना, शेवटचा ल
खालच्या ओळीत गेला.
चाळीस वर्षांत असं झालं नव्हतं माझ्याकडून.
म्हटलं, उद्या नवीन करून आणतो.
त्यांनी पट्टी हातात घेतली, लांब धरून वाचली,
ओला रंग बोटाला लागू न देता.
"राहू द्या," म्हणाल्या.
"उतरला तर उतरला."