सुभान आर्ट, सावदा

केळीच्या ट्रकांच्या पाठीवर
ज्यांनी ज्यांनी वाचलंय 'फिर मिलेंगे',
त्यांनी सुभान तडवीचा उजवा हात वाचलाय.
एका दमात ओढलेली शिरोरेघ,
'फ'च्या पोटाला गुलाबी सावली,
आणि कोपऱ्यात मुंगीएवढं नाव.

त्याआधी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा.
मग फ्लेक्स आलं.
खरं सांगतो, ते मशीन मीच आणलं,
सात वर्षं त्याचेच ब्रश धुतल्यावर.
तो बघायला आला, चहा प्याला,
सरकत येणाऱ्या कापडाला बोट लावून म्हणाला,
"वलं नाही ऱ्हात?"
आणि त्या आठवड्यात शिडी विकली.
ट्रकला शिडी लागत नाही.

एप्रिलात पारा सत्तेचाळीसला टेकला
त्या दुपारी त्याची उजवी बाजू बंद पडली.
जीभ हळूहळू परत आली,
'ळ' मात्र मागेच राहिला.
जळगावचा डॉक्टर कागदावर लिहीत होता:
रुग्णाला ळ म्हणता येत नाही.
हमीदाबाई म्हणाली, "डाक्टरसाहेब,
आमच्याकडे कोनालेच येत नाही.
केयी, डोया, कावया.
ते अक्षर आम्ही नुसतं लिवायपुरतं ठेवलं."

पण लिवायचं तर होतंच.

केळीच्या खोक्यांचे पुठ्ठे, चार नंबरचा ब्रश, डावा हात.
पहिल्या रात्री 'क' उलटा आला.
चौथ्या रात्री सगळी बाराखडी उलटी,
जणू पुठ्ठ्याच्या पलीकडे बसून
कुणी दुसराच लिहितोय.
पुठ्ठा काखेत धरून तो बाहेर गेला,
उभ्या ट्रकच्या आरशासमोर धरला.
बराच वेळ बघत राहिला.
"हात नाही चुकला," म्हणाला,
"मीच दुसऱ्या बाजूले उभा व्हतो."

धीराच्या गोष्टी मला सांगता येत नाहीत.
मधे हमीदाबाईच्या अंगावर भिरकावलेला डबा आहे,
भिंतीवरचा निळा ओघळ अजून पुसलेला नाही.
मधे एक अख्खा पावसाळा आहे,
पुठ्ठ्यांना बुरशी येईपर्यंतचा.

आता तो शिरोरेघ शेवटी ओढतो,
उजवीकडून डावीकडे.
उजवा हात मांडीवर असतो, त्यावर ओला फडका.
वारा सुटला की डाव्याने तो हात उचलतो
आणि कागदावर ठेवतो, वजन म्हणून.
"फुकट नाही खात," म्हणतो.

अक्षरं जरा मागे कलतात,
कुणी हाक मारल्यासारखी.

काल इंदूरच्या ड्रायव्हरने विचारलं,
"सुभानभाई, ये हाथ किसका है?"
"नवा मानूस ठेवला. जुन्याले पेन्शन."

वीज गेली होती.
माझ्या मशीनवर एक वाढदिवसाचा नेता
नाकापर्यंत छापून अडकला होता.
मी रस्ता ओलांडून त्याच्यापाशी जाऊन बसलो.
त्याने न बघता ब्रश पुढे केला,
मी न विचारता रॉकेलात बुडवला.
दांडीवरचा रंग उडाला होता,
बोटं टेकतात तिथे,
आणि आता त्याच्या समोरच्या बाजूलाही.