कामाचे स्वरूप

मुलुंडला, सुमनकुंजच्या गेटवर
दोरीनं बांधलेलं पेन आहे
आणि लांबुडकं रजिस्टर :
नाव, फ्लॅट नंबर, वेळ, कामाचे स्वरूप.

मी लिहितो, 'सहज'.

माझ्या वरच्या ओळीत कुणी
'पर्सनल' लिहून खाली दोन रेघा मारल्यात.
त्याच्याही वर, बी विंग, 'लग्नासंबंधी',
'संबंधी' खोडून पुन्हा 'संबंधी'च.

भिवा धुरी वॉचमन हे काही वाचत नाही.
तो लिफ्टपर्यंतची माणसं बघतो.
कोण शर्ट खोचतं,
कोण पिशवीतला पेढ्यांचा बॉक्स वर आणून ठेवतं,
कोण दारात हसायचं ते हसू
इथेच, नोटीसबोर्डाच्या काचेत
एकदा घालून बघतं.

मीही बघितलं. खांद्यात जरा घट्ट होतं.

"अरे! आज इकडे कुठे?"
"सहज. इथूनच चाललो होतो."
चहा झाला. मुलीचं कॅनडा झालं.
वैद्यकाकांचे गुडघे, मेट्रोचा खड्डा, परत गुडघे.
पन्नास हजार हा शब्द
बिस्किटासारखा बुडवून ठेवला होता,
काढायला गेलो तर तळाशी लगदा.
"येत जा रे असाच."
"येतो ना."

खाली भिवा फोनवर घरी सांगत होता,
"हय सगळा बरा आसा. केबिनीत एसी आसा माका."
टेबलफॅन करकरत मान वळवत होता,
नाही, नाही.

मला बघून आवाज उतरला त्याचा.
"झालं काम?"
"काम नव्हतंच."

'बाहेर'चा रकाना जरा लांब आहे.
दोरी तिथवर पुरत नाही,
त्यानं रजिस्टरच सरकवलं.