पोटखराब

गट नंबर सहाशे बारा, कसबे डिग्रज.
बावीस वर्षांपूर्वी याच्या सातबाऱ्यावर
मीच लिहिलं होतं : पोटखराब, क्षारपड.
दोन शब्द, निळी शाई, खाली सही.
उसासाठी पाणी पिऊन पिऊन
जमिनीचं पोट फुगलं होतं
आणि मीठ वर आलं होतं, घामासारखं.

आता पेन्शनीत आहे.
चैत्र अर्ध्यावर, मोतीबिंदू एकाच डोळ्याचा काढलेला,
म्हणून दुर्बिणीच्या उजव्या नळीतूनच बघतो.
वही जुनी, पीकपाहणीची.
रकानेही तेच.

हंगाम : उन्हाळी.
जलसिंचनाचे साधन : वरच्या रानातला पाझर.
पिकाचे नाव :
इथं रोज थांबतो थोडा.

शेकाटे, सतरा.
पाय इतके लांब की आधी पाय उतरतात,
मग पक्षी.

ढोकरी एक. बसलेली असते तेव्हा बांधाचंच ढेकूळ,
उडाली की एकदम पांढरी,
कुणी धुतलेलं धोतर झटकावं तशी.
पाणकणसाच्या बुडाशी जांभळी पाणकोंबडी
कोंब पायात धरून सोलते,
शेवटच्या पंगतीला बसल्यासारखी, सावकाश.
मागं कुणी ताटकळत नाही.

लव्हाळ्याच्या टोकावर लाल चतुर.
उठतो, चक्कर मारतो, परत त्याच टोकावर.
दुसरा आला तर हाकलतो.
त्याची वहिवाट मला मान्य आहे.

आणि टाचण्या. निळ्या, एकीत एक अडकलेल्या,
पाण्याला पाणी टाचून ठेवणाऱ्या.
कचेरीत तीस वर्षं टाचण्याच वापरल्या,
बोटं रक्ताळली,
यातली एकही कधी डबीत निघाली नाही.

जलपिंपळीचं फूल बघायचं तर गुडघे टेकावे लागतात.
टेकले.
मिठाच्या पापुद्र्यावर गुडघ्यांचे दोन शिक्के उमटले.
फुलावर नखाएवढं फुलपाखरू,
पंख मिटून, हिशेब लागल्यासारखं.
पलीकडं पिवळ्या धोतऱ्यात एक भुंगा
पाठीला हळद लावून बाहेर पडला
आणि माझ्या कानाशी येऊन बराच वेळ
काहीतरी अर्ज करत राहिला.

नऊच्या सुमाराला राजमती मगदूम म्हैस घेऊन येते.
जमीन तिची.
शेकाट्यांना ती काठीवाले म्हणते.
टिटवीला काहीच म्हणत नाही, फक्त दचकते.
"काय पिकलंय ओ भाऊसाहेब यंदा?"
मी वही पुढं करतो.
ती ओठ हलवत वाचते, सगळं, खालपर्यंत.
"मग चढवा की हे सातबाऱ्यावर,"
म्हणते,
आणि हसत नाही.

निचऱ्याची योजना मंजूर झालीय.
जमिनीखाली भोकाभोकांचे पाइप जातील,
मीठ ओढ्याला लागेल,
तीन वर्षांत रान वाफशाला येईल.
लग्न होऊन आली तेव्हा इथं हरभरा होता,
घाटे धरलेला, हिरवागार.
तिला तो परत बघायचाय.
मी काय सांगणार तिला? कोणत्या तोंडानं?
खुंट्या ठोकून झाल्यात.
नवव्या खुंटीवर खंड्या बसतो,
जणू त्याच्यासाठीच सरकारनं सोय केलीय.

परवा त्याच खुंटीच्या पायथ्याशी दिसली :
चार अंडी, चिखलाच्या रंगाची, काळे शिंतोडे,
भोवती काड्यांचं नाव काढण्यापुरतं कडं.
मी बोललो नाही. वहीतही लिहिलं नाही.
वाटलं, कुणाला कळायला नको,
तिला तर नकोच.

आज उन्हं तिरपी असताना
म्हशीच्या खुरांची वाट नीट दिसली.
रोजची, सरळ, ओढ्याकडं जाणारी,
आणि नवव्या खुंटीजवळ
तीन पावलं आधीच वळलेली,
वळून लांबून गेलेली,
पुन्हा सरळ.

खुरांत पाणी भरलं होतं.
काही खूर पंधरा दिवसांचे जुने,
काठ वाळून कडक झालेले.

मी वही उघडली.
लागवडीखालील क्षेत्र : एक वीत.
शेऱ्याच्या रकान्यात काय लिहावं सुचेना,
पेन तसंच धरून उभा राहिलो.
टिटवी माझ्यावर ओरडत होती,
मागं सर, मागं सर,
आणि मी सरलो.