एक बोट भिजू दे

तार्तूत जानेवारीत चार वाजताच अंधार पडतो.
ग्लाफिरा काचपट्टी पहिल्या भांड्यात बुडवते,
काढते, अ‍ॅसिटोनात विसळते, दुसऱ्यात बुडवते,
विसळते, आणि पुन्हा पहिल्यात.
मोजायला यंत्र आहे. तिचा भरवसा
आईच्या चामडी जपमाळेवर,
जिला मणी नसतात, शिडीसारख्या पायऱ्या असतात.
एका थराला एक पायरी.
प्राध्यापकांना हे ठाऊक नाही.
देवाला असावं; त्याची हरकत दिसत नाही.

पस्तिसाव्या पायरीला काच दुधाळ होते.
आत, डोळ्याला न दिसणाऱ्या खाचखळग्यांत,
पॉलिमरच्या साखळ्यांनी एकमेकींचे हात धरलेले,
आणि तरी कितीतरी हात मोकळे.
ते मोकळे हात हाच सगळा कारभार.
त्यांत जे द्याल ते धरतील,
आणि एकदा धरलं की सुटका नाही.
लांब तेलकट शेपटीचं अमाइन दिलं
तर पाण्याला उंबऱ्यावरूनच रामराम.
साखरेच्या घराण्यातलं दिलं
तर पाणी आत येतं, सतरंजी पसरून बसतं.
दोन्ही मिसळली तर थेंब घुटमळतो,
बिनआमंत्रणाचा लग्नघरी आल्यासारखा,
जेवावं की निघावं.

"हंसाच्या पाठीवरचं पाणी," ती म्हणाली,
थेंब पट्टीवरून गडगडत गेला तेव्हा.
मी म्हटलं, आमच्याकडे अळू.
अळू कागदावर काढून दाखवताना कळलं
की पान काढता येतं,
घशाची खाज काढता येत नाही.

तिचा बाप येफिम, पेप्सी सरोवराकाठी, कलास्तेत.
वय एकाहत्तर. बर्फाला भोक पाडून
दिवसभर बादलीवर बसतो.
त्याच्या लोकरी हातमोज्याला तिनं
पस्तीस पायऱ्या चढवल्या,
आणि रविवारी विचारायला गेली,
केवढा कोरडा हवा?

तो कांदा सोलत होता. सोलून झाल्यावर बोलला.
"सगळा नको. करंगळी भिजू दे.
बर्फावर हात टेकून मी विचारतो,
खाली पाणी वर येतंय का.
हात कोरडाच राहिला
तर उत्तर कुठून यायचं?"

बरं झालं, मोकळे हात अजून मोकळेच होते.
चार बोटं तेलकट शेपटीत. करंगळी वेगळ्या भांड्यात.
पहिलं मिश्रण फार हळवं, बोट वाफेनंही ओलं.
दुसरं हट्टी.
तिसऱ्यात साखर चिमूटभर वाढवली,
कोनमापकावर थेंब ठेवला, बघत राहिली:
शिंतोड्याला नाही,
तळ्याला हो.
वहीत तिनं आकडा लिहिला.
'हळवं' आणि 'हट्टी' हे शब्द माझे,
वहीत त्यांना जागा नव्हती.

मार्चमध्ये येफिमनं फोन केला, तीन वाक्यांचा.
करंगळी ओली झाली.
उठलो, बादली तिथंच राहिली.
बादली जुनीच होती.
ग्लाफिरानं फोन ठेवला आणि
उरलेल्या पट्ट्या एकेक करून पुसत बसली,
ज्या आधीच स्वच्छ होत्या.

अमाइनला सडक्या मासळीचा वास येतो,
साबणानं जात नाही, लिंबानं अर्धा जातो.
तार्तूच्या बसमध्ये शेजारची बाई जागा बदलते.
कलास्तेत कुणाच्या लक्षातही येत नाही.
फक्त येफिमचं मांजर
हातमोजा हुंगतं, चाटतं,
आत मासा नाही म्हणून
दर वेळी नव्यानं रागावतं.

एक पट्टी ती खणात कोरडी जपून ठेवते,
पस्तीस थर, काहीच न दिलेली.
कशासाठी, मी विचारलं.
"अजून ठरलं नाही," ती म्हणाली,
आणि खण लोटला.