दुभाषी

नऊच्या अपॉइंटमेंटला हात उघडलेले असावेत
म्हणून मी साडेचारला उठते.
बेसिनमध्ये गरम पाणी, पाण्यात दोन मुठी.
बाहेर तार्तू अजून काळोखात, उणे चौदा,
खालचा रेइन फावड्यानं बर्फ ओढतोय.
त्या खरखरीवर मी बोटं मोजते.
अंगठा आला. तर्जनी आली.
करंगळी नेहमीसारखी उशिरा.

बसमध्ये मी बसून राहते.
काठीवाल्या आजी माझ्याकडे बघतात, मग खिडकीकडे.
एकोणचाळीस वय, लाल टोपी, गालांवर थंडीची लाली,
माझ्यात दुखण्यासारखं दिसतंय काय?
बहीण म्हणते, टोमॅटो सोड.
शेजारीण म्हणते, माझाही गुडघा धरतो हो, हवाच तशी.
सोमवारी मी पिवळ्या गोळ्या घेते
आणि मंगळवार कॅलेंडरातून वजा करते.

आज खोली दोनशे अकरा.
डॉक्टर कास्क बोलतात, मी हातांनी सांगते,
व्हिल्वे पाहते. ती जन्मापासून बहिरी,
बेकरीत कामाला, मनगटांवर भाजल्याचे जुने डाग.
नियम साधा आहे. मी खोलीत नसते.
शब्द माझे नाहीत, मत माझं नाही,
मी नुसती काच.

डॉक्टर म्हणाले, संधिवात. पण म्हातारपणाचा नव्हे.
शरीराची राखण करणारी फौजच
सांध्यांना परकं समजू लागते.
याला माझ्याकडे तयार खूण नव्हती.
मी डाव्या हाताचं घर केलं,
उजव्याचा पहारेकरी.
पहारेकरी घराभोवती फिरला, त्याला दार ओळखू येईना,
तो घरावरच तुटून पडला.
कुंपणच शेत खातं म्हणतात.
कुंपणाला विचारा, ते शपथेवर सांगेल
मी राखणच करत होतो.

घर दुखलं.
पहारेकरीही दुखला.

व्हिल्वे घराकडे बघतच नव्हती.
ती बघत होती माझी अर्धवट वळलेली तर्जनी,
मनगटाचा गाळलेला झोका,
छातीपाशी आखडून घेतलेली वाक्यं.
नवऱ्याला, आईला, ऑफिसातल्या सगळ्यांना
माझा आवाज खणखणीत ऐकू येतो.
सहा वर्षांत कुणाला कळलं नाही
की मी बोबडी बोलतेय.

तिनं हात वर केले. तेही सुजलेले,
पेरांपाशी ताणून चकचकीत झालेले.
तुला किती वर्षं झाली?

नियम असाही आहे की तिचं प्रत्येक वाक्य
मी मोठ्यानं म्हणायचं, तिच्या जागी उभं राहून.
म्हणून मी डॉक्टरांकडे बघत म्हणाले,
"तुला किती वर्षं झाली?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.
"मला? या दवाखान्यात? एकवीस."

ते एकवीस मी तिला सांगितलं. नियमच तो.
ती इतक्या मोठ्यानं हसली
की बाहेरच्या बाकावरचं कुणीतरी खोकलं.
मग पुन्हा विचारलं, फक्त भुवयांनी.

भुवया म्हणजेही व्याकरणच असतं त्या भाषेत.
तरी ते वाक्य मी आवाजात आणलं नाही.
टेबलाच्या कडेखाली, मांडीवर,
एक पंजा उघडला, शेजारी एक अंगठा.
अंगठा पुरता उभा राहिला नाही.
तिनं तो तरीही मोजला.

"काही प्रश्न?" डॉक्टर म्हणाले.
तिनं विचारलं, म्हणजे मी विचारलं,
"पीठ मळता येईल का मला?
आणि बोलता?"

ते फाईल चाळू लागले.
आम्ही दोघी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो.