अकरावा मतदारसंघ

माझा खासदार मी कधी पाहिलेला नाही.
त्याचा मतदारसंघ कीवच्या बर्फात सुरू होतो,
मॉस्को, टोकियो करत करत
ऑकलंडला समुद्रात पाय सोडून बसतो
आणि मधे कुठेतरी
पटवर्धन बागेत, दुसऱ्या मजल्यावर, मी.

"म्हणजे वॉर्ड केवढा म्हणायचा तुमचा?" आगाशे विचारतात.
"अर्धं जग."
"मग टँकर कोण पाठवतं?"

लियाँला असताना निळा पासपोर्ट देऊन तांबडा घेतला,
तेव्हा रेजिस म्हणाला होता, नीट विचार कर.
मी केला नाही. थंडी होती, रांग लांब होती.

महापालिकेच्या निवडणुकीला अख्खी सोसायटी शाळेकडे जाते.
मी गॅलरीतून चपलांचे आवाज ऐकते.
आगाशे बोट दाखवून हॉटेलात दहा टक्के सूट घेतात
आणि माझ्यासाठी बटाटेवडे आणतात,
सुटीतले.

माझं मत स्वयंपाकघरात होतं.
एक आकडा ई-मेलवर, एक फोनवर,
चष्मा सापडेपर्यंत कुकरची तिसरी शिट्टी.
बटण दाबलं. पॅरिसच्या सभागृहात
एखादी खुर्ची केसभर सरकली असेल, नसेल.
पत्रकाच्या तिसऱ्या पानावर त्यानं लिहिलं होतं,
परदेशातल्या पेन्शनरांचा हयातीच्या दाखल्याचा जाच कमी करू.
मी त्या ओळीला मत दिलं.
माणूस ओळीबरोबर आला.

जाच अजून आहे.
रेजिसच्या पेन्शनमधला माझा वाटा यायचा
तर दरवर्षी कुणीतरी लिहून द्यावं लागतं, की ही बाई आहे.
म्हणून क्षेत्रीय कार्यालय, पहिला मजला, भिलारे.

ते "ब्लांशार"वर अडखळले.
"मूळची वैशंपायन," मी म्हटलं. तेवढ्यावर भागलं.
"आणि ह्या फ्रेंचमधे काय लिहिलंय?"
"की मी जिवंत आहे, आणि तुम्ही तसं पाहिलंत."
त्यांनी चष्मा कपाळावर चढवला
आणि खरंच पाहिलं.
बराच वेळ.
इतकं कुणी बघितल्याला किती वर्षं झाली, मोजायला हवं.

"मतदार आहात ना आमच्या?"
"नाही."
"असू दे," म्हणाले, आणि शिक्का हाणला.

कागद ओला होता, मला घाई होती,
बोटाला जांभळी शाई लागली.
रिक्षावाला सुटे देताना म्हणाला,
"आज कुठं होतं मतदान?"

वर, मी म्हटलं. पहिल्या मजल्यावर.