कूलरच्या मागची भिंत

नंदनवनात मे महिना. शेहेचाळीस पॉइंट दोन.
कूलरची टाकी गळते, थेंब भिंतीवरून उतरतो
आणि तेवढ्याच हातभर पट्ट्यात
मखमल डकवल्यागत मॉस.

दुरुस्तीला आलेले सहारे तारेचा ब्रश काढतात.
"घासून देऊ का मॅडम? घाण दिसते."
थांबा, म्हणते मी. प्रयोगशाळेत काचपट्टी निसटली
की जायचा तसा हात आपोआप पुढे.

एकतीस वर्षं मी हे झाड 'नाही'नं शिकवलं:
मूळ नाही, फूल नाही, बी नाही,
पाणी वर नेणाऱ्या नळ्या नाहीत.
पोरं लिहून घेत. चार नकारांना दोन मार्क.

"नळ्याच नाही?" सहारे पान्हा खाली ठेवतात.
आयुष्य पीव्हीसीत गेलेला माणूस.
"मंग पाणी पेते कसं?"

मी सांगू लागते. खालचे धागे पीत नाहीत,
नुसते भिंत धरून बसतात.
पान एका पेशीइतकं जाड,
पाण्याला अडवील अशी साल जवळजवळ नाहीच.
पानं अन् दांडी यांच्या फटींतून
पाणी बाहेरूनच वर सरकतं,
जिथं लागलं तिथं आत.
अख्खं अंगच तोंड.

सहारे बोट टेकवतात, वास घेतात.
"म्हणजे ओल," म्हणतात. "तसं सांगा ना.
महालात एक घर होतं, तीन वर्षं शोधून राह्यलो,
सगळे पाईप बदलले. ओल चढतच गेली.
ओलीले कुठं पाईप लागते?"

माझ्या नोट्समध्ये हे वाक्य नाही.

गळती त्यांनी पक्की बुजवली. साडेतीनशे घेतले.
ब्रश तसाच पिशवीत गेला.
आठ दिवसांत मॉसचा चहाचा चोथा झाला,
पानं देठाला चिकटलेली.
मेलं, असंच म्हटलं असतं मी,
शिकवलेलं नसतं तर.

आज दुपारी, वरचा पत्रा तडतडत असताना,
कप विसळलेलं पाणी त्याच्यावर फेकलं
अन् वळले. जाळीच्या दाराची कडी लावता लावता
मागं पाहिलं:
पानं उघडत होती, एकेक नव्हे,
जिथं जिथं पाणी लागलं तिथून सगळी.
वरच्या कोपऱ्यातला एक टवका
कोरडाच राहिला होता.

कप घेऊन मी परत नळाकडे गेले.